मॅग्नेटो रिवाइंडिंगच्या नावाखाली १४ हजाराला चुना लागला, जुनी गाडी असणाऱ्यांनी वाचा

आमच्याकडं आजोबांची बीएसए एम २० आहे, ५०० सीसी साइड वाल्व, लष्करातनं लिलावात आलेली. तिला ल्यूकासचा मॅगडायनो आहे, म्हणजे खाली मॅग्नेटो (प्लगसाठी करंट स्वतःच तयार करणारा) आणि वर डायनामो (बॅटरी चार्ज करणारा), त्यामुळं बॅटरी नसली तरी गाडी सुरू होते. तर झालं काय, सकाळी थंड असताना दुसऱ्या किकला सुरू व्हायची आणि पन्हाळ्याला निघालो की केर्लीच्या पुढं गरम होऊन बंद, मग किती पण किक मारा, प्लगला करंटच नाही, आणि पाऊण तास सावलीत उभी केली की परत सुरू!

शहरातल्या एका मेकॅनिकनं न उघडताच सांगितलं, आर्मेचर (मॅग्नेटोतला तार गुंडाळलेला फिरणारा भाग) जळालंय, रिवाइंडिंग म्हणजे तार नव्यानं गुंडाळायला लागतंय, १४ हजार. मी दिले. दीड महिन्यानं मॅग्नेटो काळाभोर रंग मारून हातात दिला, बेंचवर फिरवून निळी ठिणगी पण दाखवली, आणि मी खूश होऊन घरी आलो. इथंच चुकलं माझं, कारण थंड असताना तर ठिणगी आधी पण येतच होती की.

पुढच्याच रविवारी गाडी परत तिथंच बंद पडली. अंधार पडायला लागलेला, पॉइंटचं (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचं) झाकण काढून मित्राला किक मारायला लावली तर प्लगला काही नाही पण पॉइंटमध्येच चटाचट ठिणग्या उडत होत्या. त्या मेकॅनिकला फोन केला तर म्हणतोय, जुन्या गाड्या अशाच चालायच्या.

शेवटी मॅग्नेटो उद्यमनगरातल्या एका वयस्कर काकांकडं नेला. त्यांनी माझ्यासमोर आर्मेचर बाहेर काढून उजेडात धरलं, वाइंडिंगवरची कापडी टेप काळी पडून तडकलेली, आर्मेचरच्या टोकाच्या पितळी टोपीच्या स्क्रूच्या खाचा जुन्या लाखेनं भरलेल्या, स्क्रूड्रायव्हर कधी लागलेलाच नाही. म्हणजे रिवाइंडिंग सोडा, आत हातच घातला नव्हता हो! वाइंडिंग मीटरवर ठीक निघालं, दोष होता त्या टोपीतल्या कंडेन्सरचा (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग), तो वयानं खराब होतो, गरम झाला की लीक होतो आणि मग करंट प्लगला जायच्या ऐवजी पॉइंट जाळत बसतो. काकांनी नवीन कंडेन्सर बसवला, पॉइंटचा गॅप १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवला.

म्हणून हात जोडून सांगतो, मॅग्नेटो देण्याआधी आर्मेचर आपल्यासमोर काढायला लावा आणि टेपचे, स्क्रूचे जवळनं फोटो काढा, काढलेली जुनी वायर आणि कंडेन्सर परत मागा, आणि बेंचवरची ठिणगी बघून पैसे देऊ नका, गाडीवर बसवून वीसेक किलोमीटर पळवा, गरम असताना बंद करून लगेच किक मारा, मगच पैसे. माझे १४ हजार अजून मिळालेले नाहीत, दुकानात गेलो की मालक बाहेर गेलाय म्हणतात. गाडी मात्र परवा न थांबता पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत चढली, तिथं मुद्दाम बंद केली, आणि पहिल्या किकला सुरू झाली.