आधी टॉवर, मग बुकशेल्फ : सोळा फुटी हॉलमधले चौदा महिने

लोक सहसा छोट्या बुकशेल्फ स्पीकरपासून सुरुवात करतात आणि पैसे साठले की जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच टॉवर स्पीकरकडे वळतात. माझं उलट झालं. आधी टॉवर घेतले, सहा महिने वापरले, आणि गेले आठ महिने त्याच हॉलमध्ये, त्याच ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) बुकशेल्फ ऐकतेय. टॉवर विकलेले नाहीत. ते नाशिकला दिरांकडे आहेत आणि तिथे फार सुरेख वाजतात. म्हणूनच कंपन्यांची नावं लिहीत नाही. दोन्ही जोड्या चांगल्याच आहेत. घोळ होता तो आमच्या हॉलचा, आणि थोडा माझ्या हौसेचा.

आधी हॉल सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कोथरूडमधला टू बीएचके. हॉल 10 बाय 16 फूट, छत साडेनऊ फुटांवर. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा, आखूड भिंतीला टीव्ही आणि त्याच्या समोर मागच्या भिंतीला टेकून सोफा. म्हणजे पुण्यात कुठल्याही बिल्डिंगची बेल वाजवा, दार उघडल्यावर हाच हॉल दिसेल. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन, मग नाट्यपदं, गझला, आणि रिमोट लेकाच्या हातात गेला की ढणढणाट. मी बरीच वर्षं गाणं शिकले आहे, घरात तानपुरा आहे. त्यामुळे स्पीकर खरं बोलतोय की नाही हे तपासायला मला दुसऱ्या खोलीपर्यंतच जावं लागतं.

टॉवर शोरूममध्ये ऐकून घेतले. तिथली खोली ऐसपैस, खाली गालिचा, भिंतींना जाड पडदे, स्पीकरच्या मागे चांगली चार फूट मोकळी जागा. डग्ग्याची एक मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणारा नाद) अशी काही आली की मी तिथेच विरघळले. विक्रेत्याने खोलीचं माप विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. 92 हजारांची जोडी, प्रत्येकात दोन-दोन वूफर (खालच्या सुरांचे भोंगे), माझ्या दंडाएवढा पोर्ट (हवेचं भोक) मागे, आणि माहितीपत्रकात खालची मर्यादा 38 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 38 कंपनं इतका खोल सूर.

पहिले पंधरा दिवस नुसतं कौतुक. मग एक विचित्र गोष्ट लक्षात यायला लागली. बायकांचं गाणं लावलं की हॉल स्वच्छ, हार्मोनियमचा भातासुद्धा ऐकू यावा असा. पुरुषांचं गाणं लावलं की काही रेकॉर्डिंगांत हॉल घुमायला लागायचा. तबलजीचा डग्गा एका ठेक्यात नेमका, तर पुढच्यात पिंपात बसून वाजवल्यासारखा. केबल बदलून पाहिली, ॲम्पचा बेस कमी करून पाहिला. ॲम्पच बदलावा का, इथपर्यंत गाडी गेली होती.

उत्तर शेवटी तानपुऱ्याने दिलं. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. आमचा हॉल 16 फूट, म्हणजे 4.88 मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की 35 येतात, त्याची दुप्पट 70. एवढ्या लांबीच्या खोलीत 35 आणि 70 हर्ट्झचे सूर आपोआप फुगतात, आणि सगळ्यात जास्त फुगतात ते भिंतीलगत, जिथे आमचा सोफा होता. आता काळी एक (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, पुरुष गायकांची एक नेहमीची) हिचा सा 139 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्या पट्टीतल्या तानपुऱ्याचा खरज (खालचा सा) 69. आमच्या हॉलने पुरुषांच्या पट्टीचा खरज जणू स्वतःच लावून ठेवला होता! माझी पट्टी काळी चार. तिचा खरज 104, म्हणजे 35च्या तिपटीजवळच, पण तिथे 70एवढा घुमारा मला जाणवला नाही. खरं तर तानपुऱ्याच्या खरजात मूळ सूर तसा क्षीणच असतो, जवारीमुळे (घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकारामुळे) सगळी श्रीमंती वरच्या सुरांत असते. पण डग्ग्याचं तसं नाही. मनगट पुडीवर सरकलं की त्याचा नाद खालून वर चढतो, आणि चढताना 70च्या वाटेने गेला की आमचा हॉल त्याला धरून ठेवायचा.

हे मला कळायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळलं होतं. एका रविवारी वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझा तबला छानच असतो गं, पण आमच्या फडताळातल्या वाट्या त्याला साथ करतात."

घरातली प्रकरणं वेगळीच. टॉवरचे स्पाइक (टोकदार पाय) टाइलवर सरकू नयेत आणि ओरखडे पडू नयेत म्हणून प्रत्येक स्पाइकखाली दोन रुपयांचं नाणं ठेवलं. दोन स्पीकर, आठ नाणी, सोळा रुपये. सहा महिन्यांतली सगळ्यात यशस्वी खरेदी हीच. पण फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि फडकं खालच्या बैठकीच्या कडेला रोज एकदा लागतंच. पावसाळा संपेपर्यंत एका बैठकीचा कोपरा भिजलेल्या बिस्किटासारखा फुगला. पुसणाऱ्या ताईंचा काय दोष? जमिनीवर उभं केलेलं लाकडी भुसकटाचं खोकं घरी आणताना मला हे सुचायला हवं होतं. सासूबाईंना दोन उंच सपाट जागा मिळाल्या, त्यातल्या डावीकडच्या जागेवर मनीप्लांटची बाटली आली. आणि ऑक्टोबरात एका संध्याकाळी मागच्या पोर्टमधून पाल बाहेर आली. किती दिवस आत मुक्काम होता देव जाणे! त्या रात्री जुन्या ओढणीचा जाळीदार तुकडा पोर्टवर बांधला. स्पीकर कुठलाही असो, पोर्ट मागे असेल तर हे पहिल्या दिवशी करा.

मग बुकशेल्फ आणले. साडेसहा इंची एक वूफर, 46 हजार. यात स्टँड धरलेले नव्हते, आणि इथे बरेच जण फसतात. बरे स्टँड 13 हजारांना पडले, म्हणजे छोटे स्पीकर 59 हजारांना झाले. जागाही फारशी वाचत नाही. स्टँडवर ठेवलेला बुकशेल्फ जमिनीवर टॉवरएवढीच जागा अडवतो. नाव बुकशेल्फ असलं तरी पुस्तकांच्या कपाटात कोंबू नका. मी हौसेने दोन दिवस कोंबून पाहिले. पाठीशी फळी आली की मागचा पोर्ट गुदमरतो आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो. 24 इंची स्टँडवर ठेवल्यावर ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा भोंगा) 36 इंचांवर आला, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाशी बरोबर. स्टँडचे नळकांडे पोकळ होते. बिल्डिंगच्या कामावरची वाळू मागून आणली, चाळली, दोन दिवस गच्चीत वाळवली आणि आत भरली. आधी बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखे वाजायचे, आता नुसतं 'ठप्'.

पहिल्या आठवड्यात मला ते सपक वाटले, हे कबूल करते. सहा महिने गोडाचं खाल्लेल्या जिभेला वरणभात जसा लागेल तसं. तिसऱ्या आठवड्यात एक जुनं खाजगी मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. विलंबित ख्याल, दोन तानपुरे. आणि मला पहिल्यांदा ते दोन वेगळे ऐकू आले: उजवीकडच्याची जवारी जरा उघडी, डावीकडच्याची बंद, आणि डावीकडच्याचा जोड (मधल्या दोन तारा) केसाएवढा उतरलेला. उठून तानपुरा आणला आणि लावून पाहिला. तोच रंग. टॉवरवर हेच मुद्रण मी कितीदा ऐकलं असेल, पण खालच्या घुमण्याने वरचं हे सगळं झाकून टाकलं होतं. छोट्या खोक्यांचं हे सामर्थ्य जुनंच आहे. बीबीसीने 1970च्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा इवलासा स्पीकर घडवला. त्यात खोल बेस नव्हताच, पण माणसाचा आवाज असा यायचा की लोक अजून त्याच्या जुन्या जोड्या शोधत फिरतात.

ताकदीचं थोडक्यात. टॉवरची संवेदनशीलता (ठरावीक वॉटला किती मोठा आवाज येतो ते) 90 डेसिबल, बुकशेल्फची 86. चार डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला अडीचपट वॉट. ऐकायला भयंकर, पण माझा ॲम्प 50 वॉटचा आणि नऊ फुटांवर बसून रोजचं ऐकायला एक-दोन वॉटही पुरतात. तेव्हा या आकड्याने घाबरू नका.

जे गेलं ते गेलंच. पखवाजाची थाप आता पोटात लागत नाही, फक्त कानाला कळते. मोठा वाद्यवृंद आखडल्यासारखा वाटतो. डिसेंबरात सवाई गंधर्वला तीन रात्री बसून घरी आले, तर पुढचे चार दिवस घरचा आवाज खेळण्यातला वाटत होता. आणि रात्री साडेदहानंतर, काकूंच्या धाकाने अगदी हळू लावलं की छोटे स्पीकर पातळ होतात. यात स्पीकरपेक्षा कानाचा भाग मोठा: आवाज लहान झाला की खालचे सूर आपल्याला बाकीच्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच हे मोजून ठेवलं आहे. टॉवरकडे खालचं मुळातच भरपूर, म्हणून रात्री त्यांची उणीव भासते. माझ्या ॲम्पवर हळू आवाजात खालचे सूर वाढवणारं लाउडनेसचं बटण आहे. शुद्धतेचे भोक्ते नाक मुरडतात, मी साडेदहाला बिनदिक्कत दाबते.

आता जे सांगायला जरा लाज वाटते ते. दोन महिन्यांपूर्वी हॉलच्या रंगाचं काम काढलं तेव्हा सोफा मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढावा लागला. रंग झाल्यावरही तिथेच ठेवला, कारण उरलासुरला घुमारा निम्म्याने कमी झाला होता. 70 हर्ट्झ भिंतीशी सर्वांत दांडगा असतो आणि खोलीच्या पाव लांबीवर, म्हणजे आमच्याकडे चार फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. मी अर्ध्या वाटेवर आले होते. हे टॉवर असताना केलं असतं, बेस आवरायला पोर्टमध्ये लेकाचा शाळेचा मोजा गुंडाळून घातला असता (छोट्यांच्या पोर्टमध्ये तो सध्या आहे, छान काम करतो), तर कदाचित ते अजून इथेच असते. कदाचित म्हणतेय, कारण हॉल दहाच फूट रुंद आहे आणि टॉवर भिंतीपासून तीन फूट पुढे आणले तर बाल्कनीत जायला तिरकं व्हावं लागतं.

दिवाळीत नाशिकला गेले होते. दिरांचा हॉल 15 बाय 22, एक बाजू जेवणघराकडे उघडी, छत उंच, खाली सतरंजी. तेच टॉवर, तोच फुगलेला कोपरा. काळी एकमधला मालकंस लावला आणि डग्गा मोकळा फिरला, कुठे अडखळला नाही. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, परत नेताय की काय?" तोंडावर दिसत असावं.

तेव्हा तुमचा हॉल आमच्याएवढा असेल, स्पीकर भिंतीपासून दीड फुटापलीकडे येणार नसतील आणि ऐकणं गळ्याचं असेल, तर बुकशेल्फ घ्या आणि उरलेल्या पैशांत स्टँडवर कंजुषी करू नका. खोली मोठी आणि एका अंगाने उघडी असेल तर टॉवरच, छोटे तिथे हरवतील. शोरूममध्ये जाताना खिशात खोलीचं माप आणि सोफ्याची जागा लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि शक्य असेल तर जोडी दोन दिवस घरी आणून ऐकू द्याल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

लेकाला आता सबवूफर हवाय. म्हटलं, जरूर आणू. आधी खाली जाऊन काकूंच्या वाट्यांची परवानगी घेऊन ये.