चेतापेशींत जनुक घालताना: लिपोफेक्शन, कॅल्शियम फॉस्फेट की लेंटिव्हायरस?

डिशमध्ये आठ-दहा दिवस वाढलेल्या, फांद्या फुटलेल्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूच्या एका भागाच्या) चेतापेशींत जनुक घालायचे असेल, तर बहुतेक प्रयोगशाळांत तीन पर्याय पुढे येतात: लिपोफेक्शन (डीएनए लिपिडमध्ये, म्हणजे मेदरेणूंत, गुंडाळून देणे), कॅल्शियम फॉस्फेट (डीएनए त्याच्या बारीक कणांसह पेशींवर बसवणे) आणि लेंटिव्हायरस (जनुक वाहून नेणारा विषाणू). न्यूक्लिओफेक्शन (विजेच्या झटक्याने डीएनए आत घालणे) येथे बाजूला ठेवले आहे, कारण ते सहसा पेशी डिशमध्ये पेरण्यापूर्वीच उरकावे लागते. या पेशी विभाजित होत नाहीत, त्यामुळे केंद्रकाचे आवरण कधी विरघळत नाही आणि प्लास्मिडला (जनुक वाहणाऱ्या वर्तुळाकार डीएनएला) आत शिरायला वाव फारसा मिळत नाही.

विषाणूला ही अडचण येत नाही. वेस्टर्न ब्लॉटसाठी (पेशी एकत्र करून त्यांतील प्रथिन तपासण्यासाठी) डिशमधील बहुतेक सर्व पेशींत बदल हवा असेल, तर लेंटिव्हायरसच घ्यावा. एएव्ही हा दुसरा विषाणूही उत्तम आहे, पण त्यात साधारण 4.7 किलोबेस (4,700 बेस) लांबीचाच डीएनए मावतो. मला मात्र डेंड्राइटवरचे (पेशीच्या फांद्यांवरचे) स्पाइन, म्हणजे बारीक उंचवटे, पाहायचे होते, आणि सगळ्याच पेशी चमकू लागल्या की कोणती फांदी कोणत्या पेशीची हे उलगडत नाही.

उरले दोन. लिपोफेक्शन हाताळायला सर्वांत सोपे असून पहिल्या दिवशी निकालही सुरेख दिसतो. माझे मन वळले ते दुसऱ्या दिवशीच्या चित्रामुळे: बारीक डेंड्राइट सलग न राहता जागोजागी फुगतात आणि दोऱ्यात मणी ओवल्यासारखे दिसतात. केवळ जीएफपी (पेशी चमकवणारे प्रथिन) घातलेल्या नियंत्रण डिशमध्येही हे घडत असेल, तर दिसणारा परिणाम जनुकाचा की लिपिडचा, हे ठरवणार कसे? अभिकर्मकाचे प्रमाण आणि वेळ कमी केल्यावर फरक पडला, पण माझ्या हातून तो दोष पूर्णपणे कधी गेला नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

कॅल्शियम फॉस्फेटमध्येही पेशी थोड्याच चमकतात. परंतु आकाररचना पाहणाऱ्याला नेमक्या अशाच विरळ, एकट्या पेशी हव्या असतात. शिवाय दोन प्लास्मिड एकत्र दिले, तर ते बहुधा एकाच पेशीत उतरतात. खरी काळजी साक्याची, म्हणजे डीएनएसह पेशींवर बसणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांची, घ्यावी लागते. तो बारीक आणि एकसारखा पडला पाहिजे, कारण जाड गुठळ्या पेशींवर बसून राहिल्या तर त्यांना घातक ठरतात. म्हणून पेशींवर तो पुरेसा बसला, की 10 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून किंचित आम्लधर्मी केलेले माध्यम काही मिनिटे घालावे, म्हणजे साका विरघळतो; मग आधी काढून ठेवलेले, पेशींच्या सवयीचे जुने माध्यम परत घालावे. एवढे सांभाळल्यावर दुसऱ्या दिवशीही मला डेंड्राइट सलग दिसले आणि स्पाइनही मोजता येण्याजोगे राहिले.

ज्यात साका तयार होतो त्या बफरचा सामू (पीएच) मात्र किंचित चुकला तरी साका बिघडतो. त्यामुळे 7.00 ते 7.15 या टप्प्यातील काही द्रावणे एकाच वेळी करून जीएफपीच्या प्लास्मिडवर तपासावीत, आणि जे उत्तम चालेल ते लहान लहान भागांत गोठवून ठेवावे.