स्पेनला गेलेले कॅनेडियन आणि व्हिएतनामला गेलेले
दोघंही स्वतःहून परक्याच्या युद्धात गेले पण फरक खूप आहे. स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला पंधराशेच्या आसपास गेले, बरेचसे मंदीत काम गेलेले मजूर, आणि १९३७ला कॅनडा सरकारने अशा भरतीवर बंदीचा कायदाच केला तरी पोरं फ्रान्समधून पिरेनीज डोंगर रात्री पायी ओलांडून गेलीच, कितीतरी परत आलीच नाहीत. त्यांच्यातलेच कॅनेडियन डॉक्टर बेथ्यून माद्रिदला जखमींसाठी रक्त पोचवायचे (आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस पुढे चीनमध्ये त्यांच्याच नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले). व्हिएतनामवाले हजारोंनी थेट अमेरिकन सैन्यात, पगार, युनिफॉर्म सगळं रीतसर. स्मारकं दोघांचीही उशिराच, व्हिएतनामवाल्यांचं कॅनडातल्या विंडसरला १९९५ला, स्पेनवाल्यांचं ओटावात २००१ला. मला स्पेनवाल्यांचं धाडस जास्त मोठं वाटतं, स्वतःचं सरकारच विरोधात होतं ना.