तासाभरात काळी झालेली मेंदी: नागपुरात आमची झालेली फसवणूक

लग्नसराई तोंडावर आली आहे म्हणून हे लिहायला घेतलं. भाचीच्या लग्नात मेंदीच्या नावाखाली आमच्या पोरींच्या हातांवर भलतंच काही लावलं गेलं. पैसे गेले ते गेले, पण एका लहान मुलीच्या अंगावर बेतलं.

मेंदीवाली माझ्या ताईने इन्स्टाग्रामवरून शोधली होती. फोटो सुंदर होते. ताईने आधीच स्पष्ट विचारलं, "केमिकलचा कोन तर नाही ना?" उत्तर आलं, "नाही हो ताई, सोजतची पावडर, निलगिरीचं तेल, सगळं मी घरीच भिजवते." राजस्थानातल्या सोजतची मेंदी नावाजलेली, म्हणून तिने भावही चढा लावला. नवरीचे हात कोपरापर्यंत, पाय, शिवाय पाहुण्यांच्या हातांचे वेगळे. अर्धी रक्कम आगाऊ, यूपीआयने.

त्या संध्याकाळी लॉनवर ती स्वतः आलीच नाही. दोन पोरी आल्या. "मॅडमची दुसरी ऑर्डर आहे" म्हणाल्या. पिशवीतून सोनेरी कोन निघाले. त्यांवर ना नाव, ना तारीख, ना घटक. वासही वेगळाच. भिजवलेल्या मेंदीला पाल्याचा आणि तेलाचा वास येतो. हा केसांच्या डायसारखा उग्र, नाकात जाणारा. ताईने हटकलं तर म्हणाल्या, "स्पेशल कोन आहे काकू, अर्ध्या तासात रंग चढतो." पाहुण्या ताटकळलेल्या, नवरीचा एक हात निम्मा काढून झालेला. अशा वेळी आईने कार्यक्रम थांबवावा तरी कसा? हे लोक नेमकी हीच वेळ साधतात.

तासाभरात धुतली तर रंग जवळजवळ काळा. बाया खूश! रंग जितका गडद तितकं सासरचं प्रेम, असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि फसवणारेही त्याच्यावरच धंदा करतात.

खरी मेंदी अशी वागतच नाही. तिच्या पानातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य त्वचेत हळूहळू मुरतं. त्यासाठी लेप काही तास, जमलं तर रात्रभर ठेवावा लागतो. काढल्यावर हात नारिंगी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तपकिरी-लाल होत जातो. तळहातावर गडद, मनगटाच्या वर फिकट. काळीभोर ती कधीच होत नाही. आणि नुसती भिजवलेली मेंदी फ्रीजरमध्ये ठेवली नाही तर काही दिवसांतच तिचा रंग उतरतो. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहूनही झटपट रंगणाऱ्या कोनात दुसरं काहीतरी असणारच.

नवरीचे हात स्वागत समारंभातच खाजायला लागले, पण ते थोडक्यात निभावलं. ताईच्या धाकट्या जावेची मुलगी मात्र पोळली. तिने हौसेने हाताच्या पाठीवर एक वेल काढून घेतली होती. काही दिवसांनी ती अख्खी वेल फुगून वर आली. प्रत्येक पान, प्रत्येक वळण जसंच्या तसं, लालभडक, कडेने पाण्याचे बारीक फोड. पोरगी रात्रभर रडली.

धंतोलीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं की हे पीपीडीचं काम दिसतं. पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन, केसांच्या काळ्या डायमधलं रसायन. युरोपात ते केसांच्या डायमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंतच चालतं, त्वचेवर लावायला मनाई आहे. पहिल्यांदा ॲलर्जी उठायला आठवडा-दोन आठवडेही लागतात, तोवर मेंदीवाली पैसे घेऊन मोकळी झालेली असते. आणि ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची. एवढ्याशा मुलीला मोठेपणीही काळा डाय जपूनच, शक्यतो नाहीच, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं.

फोटो पाठवल्यावर त्या बाईचं उत्तर: "तुमच्या मुलीची स्किन सेन्सिटिव्ह आहे, बाकी कोणाला काही झालं नाही." मग नंबर ब्लॉक.

आम्ही सोडलं नाही. कचऱ्यातून एक अर्धा कोन काढून पिशवीत बांधून ठेवला. "केमिकल अजिबात नाही" हा तिचा मेसेज, यूपीआयची पावती आणि डॉक्टरांची तारखेसह चिठ्ठी जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. बिननावाच्या कोनाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ; त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

तुमच्या घरी कार्य असेल तर मेंदीवालीकडे लेप काढल्या-काढल्याचा नारिंगी हाताचा फोटो मागा. मनापासून काम करणाऱ्या मुली नागपुरात पुष्कळ आहेत, त्या आनंदाने दाखवतात. ज्या इन्स्टाग्राम पानावर पहिल्या मिनिटापासून सगळेच हात काळे दिसतात, तिथे आगाऊ रक्कम देऊ नका. आणि लावायच्या दिवशी कोनाला तो उग्र वास आला, तर नवरीचा हात अर्धा रंगलेला असला तरी तिथेच थांबवा आणि लगेच साबणाने धुवा.