गुडघ्याच्या नर्व्ह ब्लॉकचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा

आईचे गुडघे बरीच वर्षं दुखतात, एक्स-रेत झीज भरपूर, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून आत जाते, त्यात डायबेटिस. म्हणून सांगलीतल्या एका पेन क्लिनिकमध्ये तिला घेऊन गेले, बाहेर मोठ्ठा बोर्ड, 'ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी कायमची बंद'. तिथे जे झालं ते सगळं लिहितेय, कारण अशी पॅकेजं आता गावोगावी विकतायत आणि गिऱ्हाईक म्हणजे आपलेच आईवडील.

आधी एक स्पष्ट सांगते, नर्व्ह ब्लॉक हा प्रकार खोटा नाही. गुडघ्याची दुखण्याची जाणीव ज्या बारीक नसा वर नेतात त्यांच्याजवळ, साधारण तीन ठिकाणी, भुलीचं औषध सोडतात, लिग्नोकेन नाहीतर बुपिव्हाकेन, कधी सोबत स्टेरॉइड. भूल असेपर्यंत, म्हणजे काही तास, दुखणं जातं. आणि गंडवतात ते नेमकं याच काही तासांत!

पहिलं इंजेक्शन 'ट्रायल' म्हणून अगदी स्वस्तात दिलं. थोड्या वेळाने आईला उठवलं, जिना चढायला लावला, ती चढली, उतरली, परत आपणहून चढली आणि वर कठडा धरून रडायलाच लागली, "अगं दुखतच नाहीये गं". मला काय वाटलं असेल तुम्हीच विचार करा. तेवढ्यात एक मुलगा मोबाईल घेऊन हजर, "आजी, इकडे बघा आणि सांगा आता कसं वाटतंय", आणि त्याच्या मागोमाग काउंटरवरच्या मॅडम फॉर्म घेऊन. दोन्ही गुडघ्यांचा कोर्स ८५,०००, आज भरले तर ७०,०००, उद्या हा रेट नाही, ईएमआय पण इथेच टॅबवर होईल, आणि ट्रायलवर थांबलात तर नस परत आवळते म्हणे. आई म्हणाली भर. भरले.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत दुखणं परत. फोन केला तर उत्तर, "नस मोकळी होताना दुखतंच".

पुढची इंजेक्शनं आठवड्या-आठवड्याने. पहिल्या दिवशी सोनोग्राफीचं मशीन होतं त्यावर बघून सुई घातली होती, नंतर ना मशीन दिसलं ना डॉक्टर, असिस्टंट अंगठ्याने दाबून विचारायचा, "इथं दुखतंय का आजी?" आणि तिथेच सुई. पावतीवर फक्त 'प्रोसिजर चार्जेस', औषधाचं नाव नाही. मग आईची शुगर चढायला लागली, खाणं तेच, गोळ्या त्याच आणि मशीनवर ३८०. स्टेरॉइड देताय का विचारलं तर "छे हो, नसांचं व्हिटॅमिन आहे". ट्रेमध्ये रिकामी बाटली पडली होती, मी उचलून लेबलचा फोटो काढला, ट्रायमसिनोलोन. म्हणजे स्टेरॉइडच की.

तो फोटो घेऊन मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं की पहिला ब्लॉक ही खरं तर तपासणी असते. चालायला, जिना चढायला लावतात हे बरोबर, पण दुखणं दहापैकी किती ते दर थोड्या वेळाने कागदावर लिहून घेतात, निम्म्याहून जास्त आराम पडला तर दुखणं याच नसांमधून येतंय असं धरतात आणि मग रेडिओफ्रिक्वेन्सीने त्या नसा तापवून बंद करायचा विचार करतात. तेही कायमचं नाही, नस पुन्हा वाढते, साधारण सहा महिने ते वर्षभर बरं जातं, आणि झीज आहे तिथेच राहते. स्टेरॉइडने डायबेटिसवाल्यांची शुगर काही दिवस वाढते, म्हणून ते आधी सांगून देतात आणि असं दर आठवड्याला तर देतच नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का हेही त्यांनी सुई लावायच्या आधीच विचारलं, जे त्या क्लिनिकमध्ये कुणी विचारलंच नव्हतं! म्हणजे तपासणीचा रिझल्टच आम्हाला उपचार म्हणून विकला आणि सही घेतली ती आईच्या गुडघ्यांची भूल उतरायच्या आत. याचा मला अजून संताप येतो. आणि जिन्यावरचा तो व्हिडिओ अजून त्यांच्या जाहिरातीत फिरतोय.

पैसे मागितले तर पॅकेज नॉन-रिफंडेबल. रेकॉर्ड मागितलं तर म्हणे ती क्लिनिकची प्रॉपर्टी. असं काही नसतं, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागणी केली की ७२ तासांत कागद द्यावे लागतात, लेखी मागा आणि पोच घ्या. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर पण असायला लागतो, आमच्या एकाही पावतीवर नव्हता, तुमच्याकडच्या आत्ता काढून बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत जायचं, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. आम्ही दोन्हीकडे अर्ज टाकलेत, म्हणून क्लिनिकचं नाव इथे लिहीत नाही.

ट्रायल घ्यायचीच असेल तर घ्या, पण कार्ड घरी ठेवून जा आणि भूल उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी आईवडिलांना विचारा कसं वाटतंय. सुई लावायच्या आधी बाटली हातात घेऊन लेबलचा फोटो काढा, नाही म्हणाले तर तिथूनच उठा.