लिबरऑफिस रायटर: मेनूच्या पट्टीसाठी वापरावे असे सॉफ्टवेअर

आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा वार्षिक अहवाल गेली काही वर्षे मी लिबरऑफिस रायटर या मजकूर लिहिण्या-मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो. हे सॉफ्टवेअर मोफत आहे हे खरे. परंतु मी त्याच्यापाशी टिकलो तो त्याच्या मेनूमुळे. वर्षातून एकदाच लागणारा पर्याय नेमका कुठे आहे, हे माझ्या लक्षात राहत नाही. रायटरमध्ये त्याचे फारसे अडत नाही, कारण फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, स्टाइल्स, टेबल ही नावे वरच्या पट्टीत कायम एकाच जागी असतात आणि कोणत्या नावाखाली काय सापडेल, हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो.

जमाखर्चाच्या तक्त्याचेच उदाहरण घेऊ. कर्सर साध्या परिच्छेदात असताना ‘टेबल’ मेनू उघडला, तर ‘मर्ज सेल्स’सारखे (घरे एकत्र जोडण्याचे) पर्याय फिकट दिसतात, पण नाहीसे होत नाहीत. तक्त्यातील दोन घरे निवडून तोच मेनू पुन्हा उघडावा, तर ‘मर्ज सेल्स’ गडद झालेला असतो. म्हणजे ही सोय आहे आणि तिच्यासाठी आधी काय करायला हवे, या दोन्ही गोष्टी मेनूच शिकवून जातो. नावापुढे तीन ठिपके असतील तर लगेच काही बदलणार नाही, आधी एक चौकट उघडेल, हे समजते. आणि तक्ता घालण्याच्या पर्यायासमोर ‘कंट्रोल + एफ१२’ असे छापलेले रोज दिसल्याने ते न घोकता पाठ होते. १९८३ची ॲपल लिसा आणि १९८४चे मॅकिंटॉश या संगणकांपासून रुळलेले हे संकेत रायटरने जपले आहेत.

याउलट मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये कमी वापरातले पर्याय आपोआप दडवणारे मेनू आले होते. (रोज भांड्यांची मांडणी बदलणाऱ्या स्वयंपाकघरात कोणाला सुखाने चहा करता येईल?) पुढे ऑफिस २००७ मध्ये वर्ड आणि एक्सेलमधील मेनूंची जागा रिबनने, म्हणजे टॅबमध्ये विभागलेल्या बटणांच्या रुंद पट्टीने घेतली. ज्यांना त्याचीच सवय आहे, त्यांना रायटरमध्येही ‘व्ह्यू’ मेनूतील ‘यूजर इंटरफेस’मधून टॅबची मांडणी निवडता येते. मी ती पाहिली आणि परत फिरलो.

एका ठिकाणी मात्र हा मेनू चकवतो. अहवालातले एकच पान आडवे करायचे, म्हणून ‘फॉरमॅट’मधील ‘पेज स्टाइल’ (पानाच्या मांडणीची शैली) गाठून दिशा बदलली, तर त्या शैलीची सगळीच पाने आडवी होतात. खरी वाट ‘इन्सर्ट’, ‘मोअर ब्रेक्स’, ‘मॅन्युअल ब्रेक’ (इथे पान संपवून नवे सुरू करणे) अशी जाते. तिथे नव्या पानासाठी ‘लँडस्केप’ शैली निवडावी लागते आणि पुढचे पान उभे हवे असेल तर पुन्हा तसाच ब्रेक घालावा लागतो. पानाची दिशा बदलू पाहणारा माणूस ब्रेकच्या यादीत कशाला डोकावेल? ७.२ आवृत्तीपासून ‘हेल्प’मध्ये पर्याय शोधण्याची सोय आली आहे, परंतु ती पर्यायाच्या नावावरून शोधते, आणि इथे अडचण नाव माहीत नसण्याचीच आहे.

यंदा अहवालाचे काम नव्या सचिवांकडे गेले. त्यांना मी कागदावर फक्त या आडव्या पानाची वाट लिहून दिली. बाकीचे त्यांनी मेनू उघडून स्वतःच शोधले.