चष्मा लावून ऐकायची गाणी

लंडनच्या हायपिरियन कंपनीनं २०२३ पर्यंत आपलं संगीत स्ट्रीमिंगवर येऊच दिलं नव्हतं. त्यामुळे ऑर्लांडो कॉन्सॉर्टचा 'सॉन्ग्ज फ्रॉम ल व्वार दी' हा २०१३चा अल्बम मला उशिराच सापडला. चौदाव्या शतकातला फ्रेंच कवी-संगीतकार गियोम द माशो याची गाणी. गाणारे पुरुष, वाद्य एकही नाही.

पहिल्या दिवशी मटार सोलता सोलता लावला. पातेलं भरलं, डोक्यात काही शिरलं नाही. फ्रेंचच्या चार परीक्षा दिल्यात मी, पण कळला तो एक 'दाम' (म्हणजे बाई) हा शब्द तेवढा. ॲपवर शब्द दिसत नाहीत. पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट आहे. तिची प्रिंट काढली, चष्मा लावला आणि हात रिकामे ठेवून बसले.

'ल व्वार दी' म्हणजे खरी कहाणी, माशोचंच पुस्तक. उतारवयाचा कवी आणि एक तरुण मुलगी यांच्यातली पत्रं, आणि पत्रांसोबत जाणारी गाणी. अल्बममधलं 'प्वी कां नुब्ली' मी आता रोज ऐकते. अर्थ साधारण असा: सख्या, तुम्ही मला विसरलात, तेव्हा प्रेमाच्या जगण्याला आणि आनंदाला माझा रामराम. मुळात शब्द आहेत 'देवाच्या हवाली करते'. निरोपाचा फ्रेंच 'आद्यो' असल्याच बोलण्यातून आला. म्हणजे रामरामच की! बोल बाईचे आणि गळे पुरुषांचे, तेही पार खर्जात. पण दोन मिनिटांत ते खटकेनासं होतं.

चाल दोनच तुकड्यांची. पहिला तुकडा पाच वेळा येतो, दुसरा तीन वेळा. ध्रुपद मधे परत येतं तेव्हा मात्र अर्धंच येतं: 'तुम्ही मला विसरलात', एवढंच. रामराम नाही. ती ओळ तशीच लोंबकळत ठेवून गाणं पुढे सरकतं, आणि पुरा निरोप अगदी शेवटी मिळतो. हे कागद हातात नसता तर मला कधीच कळलं नसतं.

'कां तेझेयुस' या गाण्यात दोन वेगळ्या कविता एकाच वेळी गातात. दोन्ही वाचायच्या फंदात पडू नका, डोळे फिरतात. एक धरा. कडव्याच्या शेवटी दोघांची ओळ एकच होते: माझी सखी दिसते, एवढं पाहणं मला पुरे.

तक्रार एकच, ती अल्बममधल्या 'ले' नावाच्या लांबलचक गीतप्रकाराबद्दल. बारा कडवी, एकट्या गळ्याची, जवळजवळ प्रत्येकाची चाल निराळी. पहिल्या कडव्याची चाल परत भेटते ती थेट बाराव्याला. गायकाचा दमसास मानला. मी तीनदा बसले, तिन्ही वेळा सातव्याच्या आसपास डुलकी लागली. बारावं अजून ऐकायचंय.